पंखा नसलेला राउटर आणि अकोल्याचा मे महिना

पॅकेटपाटील (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. अकोल्यात दादाचं टॅक्सचं ऑफिस आहे. सात-आठ कॉम्प्युटर, एक फायबर आणि एक वायरलेस अशा दोन लाइन, आणि त्या दोन्ही सांभाळायला मी बसवून दिलेला बिनपंख्याचा छोटा पीसी. इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२८ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट, वर ओपीएनसेन्स ही राउटर-फायरवॉलची प्रणाली. काळा ॲल्युमिनियमचा डबा, पाठीवर उभ्या पट्ट्या. दोन उन्हाळे बिनतक्रार काढले त्याने.

यंदा मात्र मे लागल्यापासून दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान आपोआप रीस्टार्ट होतो. रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा ठरलेलं. सकाळी कधीच नाही, संध्याकाळी कधीच नाही. दादा म्हणतो, "तापतो रे तो, त्याला पंखा लाव." डब्यावर हात ठेवला तर तीन-चार सेकंदांत काढून घ्यावा लागतो. डॅशबोर्डवर सीपीयू सकाळी ६५ च्या आसपास, दुपारी ८० ते ८३. ऑफिसात एसी नाही, कूलर आहे. डबा फायलींच्या लाकडी कपाटात वरच्या कप्प्यात, अडॅप्टरही तिथेच मागे.

८३ अंश धोक्याचे आहेत का? पंखा लावावा का? की बिनपंख्याची ही भानगडच आपल्या विदर्भात चालत नाही? मी पुण्याला असतो, तेव्हा फोनवरून दादाकडून करून घेता येईल असं काही आधी सांगा.

चंद्रपुरी_कोळसा:

हाव ना भाऊ. मे मयन्यात आमच्याकडं टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, तुमी डब्ब्याचं काय घेऊन बसले! मले तर वाटते तोच तुमच्या दादाले इचारत असन, "पंखा कोनाले पायजे, मले का तुले?"

(हलके घ्या. उत्तर मलाही हवंय, माझ्याकडे असाच डबा आहे.)

कंजूष_मराठे:

यात एवढा विचार कसला? जुन्या कॉम्प्युटरचा १२० मिमीचा पंखा काढा, यूएसबीची वायर जोडा, डब्यावर ठेवा. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर हळू फिरतो, आवाज शून्य, खर्च शून्य. माझ्याकडे तीन वर्षं चालू आहे. सीपीयू १५-२० अंशांनी खाली आला. विषय संपला.

रॅकवाला:

थांबा थांबा. आधी एक सांगा, रीस्टार्टच्या आधीच्या मिनिटाच्या लॉगमध्ये काय दिसतं? तापमानामुळे ओपीएनसेन्स स्वतःहून बंद झालं असेल तर सगळ्या सेवा थांबवल्याची नोंद सापडेल. कर्नल (प्रणालीचा गाभा) कोसळला असेल तर क्रॅशचा अहवाल पडलेला असतो, पुढच्या वेळी लॉगिन केल्यावर ते स्वतःच विचारतं. आणि काहीच नसेल, म्हणजे एक ओळ नेहमीची आणि थेट पुढची ओळ बूटची, तर वीज गेली असं समजा. घरातली नव्हे, डब्याची.

एन१०० साठी इंटेलने दिलेली कमाल मर्यादा १०५ अंश आहे. तिच्या जवळ गेला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, इंटरनेट हळू होतं, लोक शिव्या देतात. ८३ ला तो पटकन मान टाकत नाही.

पॅकेटपाटील:

@रॅकवाला, तुम्ही म्हणता तसंच आहे. २:४१ ला डीएचसीपीची (कॉम्प्युटरांना पत्ते वाटणारी सेवा) साधी नोंद, त्यानंतर थेट बूट. क्रॅशचा अहवाल एकदाही आलेला नाही. पण ऑफिसची वीज गेलेली नव्हती, इन्व्हर्टरही आहे. बाकी सगळे कॉम्प्युटर चालूच होते.

ओहमकाका:

वीज पुरवठ्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

बिनपंख्याच्या यंत्रात डबा हाच हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) असतो. आतली चिप एका पॅडने किंवा तांब्याच्या ठोकळ्याने झाकणाला चिकटलेली असते, तिथून उष्णता झाकणात, झाकणातून हवेत. हवा आपोआप वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते, एवढाच काय तो "पंखा". तेव्हा हिशेब हातावर करता येतो. नुसत्या वर जाणाऱ्या हवेने आणि उष्णतेच्या किरणांनी मिळून एका चौरस मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण १० वॅट निघून जातात. तुमचा डबा १८ बाय १३ बाय ५ सेंमीच्या आसपास असणार. पट्ट्या धरून हवा लागणारं क्षेत्रफळ ०.०७ चौ.मी. म्हणू. चार पोर्ट, एनव्हीएमई धरून तो भिंतीतून १४ वॅट घेत असेल, तर डबा खोलीपेक्षा २० अंशांनी गरम राहणार. अकोल्यातली खोली ४२. म्हणजे डबा ६२. साठच्या वरच्या धातूवर हात टिकत नाही, तो चटका इथून आला. डब्यापासून चिपच्या गाभ्यापर्यंत पॅड वगैरे मिळून आणखी २०. झाले ८२. तुमचा आकडा ८३ आहे. डबा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा वागतोय, त्याला दोष देऊ नका.

आता महत्त्वाचं. सीपीयूचं तापमान बघून घाबरणं सोडा आणि सीपीयू वजा खोली हा फरक लिहून ठेवा. जानेवारीत खोली २३ आणि सीपीयू ६३ असेल, मे मध्ये खोली ४२ आणि सीपीयू ८२, तर फरक ४० चा ४० च आहे, बदललंय ते फक्त हवामान. पण हाच फरक दोन वर्षांत ४० चा ५५ झाला, तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळली, पॅड सुटला किंवा डब्यावर कोणी फायली रचल्या. सगळे लोक नुसता सीपीयूचा आकडा बघतात आणि उन्हाळ्याला बिघाड समजतात.

राहिला रीस्टार्ट. अडॅप्टरवर काय छापलंय ते दादांना वाचायला सांगा. व्होल्ट, अँपिअर, आणि बारीक अक्षरात तापमान दिलं असेल तर तेही.

देवगडची_ताई:

काका, दंडवत. तो फरकाचा मुद्दा मी आजपर्यंत कुठेच वाचला नव्हता.

आमचं दुखणं वेगळं आहे. होमस्टेसाठी वायफाय लागतं, आणि इथे उष्णतेपेक्षा दमट खारी हवा जास्त खाते. आधी जाळीवाला, आत पंखा असलेला स्विच होता. पंखा समुद्राकडची हवा दिवसरात्र आत ओढायचा. उघडला तेव्हा पोर्टच्या पाठीमागच्या पायांवर हिरवट पावडर, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, पांढरीशुभ्र, मेमरीच्या चिपला टेकून. उबदार जागा, आत यायला भोकं, पालीला आणखी काय हवं! आता सगळीकडे बंद डब्याचे, बिनपंख्याचे घेतले आहेत. जे पोर्ट वापरात नाहीत त्यांना रबराची बुचं. सीपीयू थोडा गरम राहतो, राहू दे. दमट हवेत खोलीपेक्षा गरम असलेल्या बोर्डावर पाणी साठत नाही हा एक फायदाच. पावसाळ्यात मी कुठलंच यंत्र "वापर नाही" म्हणून बंद ठेवत नाही.

कंजूष_मराठे:

ताई, कोकणाचं कोकणात. अकोल्यात कुठली खारी हवा? पंख्याचा मुद्दा कायम आहे माझा.

ओहमकाका:

मराठे, पंख्याने फरक पडतो हे खरंच आहे. सेकंदाला एक मीटरची झुळूक आली तरी तो १० चा आकडा दुपटीच्या वर जातो आणि डब्याचे २० अंश ८-१० वर येतात. पण पंखा हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ४२ च्या खोलीत तो ४२ चीच हवा फेकणार. वर तुम्ही एक फिरता भाग आणलात. पंखा डब्याच्या बाहेर ठेवायचा, आणि तो बंद पडला तरी यंत्र चालेल अशीच मांडणी करायची, तर माझी हरकत नाही. पंख्यावर अवलंबून राहील असा बिनपंख्याचा डबा करणं म्हणजे दोन्हीकडचे तोटे घेणं.

आणि पाटील, एक विदर्भाची खास सूचना. डबा कूलरच्या झोतात ठेवू नका. कूलरची हवा थंड असते हे मान्य, पण तिच्यासोबत बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार येतात. खिडकीच्या काचेवर पांढरे डाग पडतात ना, तेच आतल्या बोर्डावर पडतील. कूलर खोली थंड करतो तेवढा फायदा घ्या, डबा त्याच्या समोर उभा करू नका.

पॅकेटपाटील:

दादाने फोटो पाठवला. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर, आणि खाली ०-४० अंश असं छापलंय. म्हणजे कागदावर ३६ वॅट. यंत्र १४ च घेतं, मग प्रश्न कुठे आला?

झुरिखकर:

तिथेच आहे की! ०-४० मध्येच उत्तर आहे. कपाटाच्या आत मे महिन्यात ४५-४८ सहज असणार. कागदावरचे ३ अँपिअर ४० पर्यंतचे, त्याच्यावर कमी धरायचे असतात. आणि एन१०० "६ वॅटचा" हे इंटेलचं म्हणणं, बोर्ड बनवणारे ते क्वचितच पाळतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज वापराच्या दीर्घकालीन आणि अल्पकालीन अशा दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. अशा डब्यांत त्या बऱ्याचदा १५, २० किंवा २५ वॅटवर ठेवलेल्या येतात. दादाच्या ऑफिसात दुपारी सगळ्यांनी एकदम रिटर्न भरायला घेतले, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) चालू झाला, की क्षणभर मोठा झटका बसतो.

मी इथे स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि तळघरात अजून एक पीसी इंजिन्सचा एपीयू२ चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झुरिखजवळची ही छोटी कंपनी, रॅप, मग ॲलिक्स, मग एपीयू असे बोर्ड काढायची. अनेक वर्षं जगभरातले हौशी लोक आणि छोटे इंटरनेटवाले ह्यांच्यावरच फायरवॉल चालवत. एपीयू२ मध्ये एएमडीचा जीएक्स-४१२टीसी, चार गाभे, १ गिगाहर्ट्झ, ६ वॅट. चिप बोर्डाच्या खालच्या बाजूला, तिच्याखाली ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, ती थेट डब्याच्या तळाला. बस. ना पट्ट्या, ना गेमिंगची नक्षी. पण वेगाच्या मागे न लागता ६ वॅट म्हणजे खरोखर ६ वॅट ठेवले, म्हणून तो टिकला. २०२३ मध्ये कंपनीने बोर्ड बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा आमच्या इथल्या एका मित्राने पाच विकत घेऊन ठेवले होते.

रॅकवाला:

झुरिखकर, त्या मित्राला सांगा मी एक विकत घेतो.

एक मात्र सांगायला हवं, बिनपंख्याच्या यंत्राचा प्रत्येक मृत्यू उष्णतेच्या खात्यावर टाकू नका. इंटेलचा ॲटम सी२००० आठवतो? छोटे सर्व्हर, नेटवर्क यंत्रं आणि नॅस (नेटवर्कवरची साठवण यंत्रं) यांच्यासाठी काढलेली चिप. २०१७ च्या सुरुवातीला इंटेलने आपल्या त्रुटींच्या यादीत एव्हीआर५४ ही नोंद घातली: एलपीसी बसला (बोर्डावरची, बायोसपर्यंत जाणारी वाट) घड्याळाचे ठोके देणारे पाय कालांतराने बंद पडू शकतात. ठोके गेले की बायोस वाचता येत नाही, यंत्र बंद पडतं आणि पुन्हा उठत नाही. त्याच फेब्रुवारीत सिस्कोने ग्राहकांना कळवलं की एका पुरवठादाराच्या घड्याळाच्या भागामुळे काही यंत्रं सुमारे १८ महिन्यांनंतर बंद पडू लागतील. पुरवठादाराचं नाव मात्र शिताफीने टाळलं होतं, पण दोन अधिक दोन लोकांनी लगेच केले. सिनॉलॉजीच्या काही नॅसमध्येही हीच चिप होती. इंटेलने पुढच्या सी० स्टेपिंगमध्ये (चिपच्या सुधारित आवृत्तीत) दुरुस्ती केली. तोपर्यंत कोणी बर्फात ठेवलं असतं तरी यंत्र वाचेलच असं नव्हतं. आमच्याकडे त्या काळात बदली बोर्डांच्या खोक्यांनी एक खोली भरली होती.

त्यामुळे जुना, स्वस्तात मिळणारा सी२५५८ किंवा सी२७५८ चा फायरवॉल कोणी घेत असेल तर स्टेपिंग विचारून घ्या.

चंद्रपुरी_कोळसा:

मग अडॅप्टरवरच संशय घ्यायचा का? आधी सांगा न राजेहो, मी इकडे डब्ब्याखाली विटा लावून बसलो.

ओहमकाका:

विटा राहू द्या, खालून हवा मिळते!

अडॅप्टर का, ते सांगतो. बोर्डावर हल्ली बहुतेक घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. अडॅप्टरमध्ये अजून जुने इलेक्ट्रोलाइटवाले. त्यांच्या अंगावर "१०५ अंश" छापलेलं असतं, आणि माहितीपत्रकात आयुष्य २००० तास. लोक म्हणतात एवढंच? पण तो १०५ अंशांवरचा आकडा. नियम असा की दर १० अंश खाली आलात की आयुष्य दुप्पट. ७५ वर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. ६५ वर ३२,०००, म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं वर. ५५ वर ६४,०००, सव्वासात वर्षं. राउटर चोवीस तास चालतो, तेव्हा हे तास भराभर संपतात. ऑफिसातला पीसी संध्याकाळी बंद होतो, त्याचा अडॅप्टर म्हणून जास्त जगतो, गुण त्याचा नसतो.

प्लास्टिकचा बंद अडॅप्टर, आत ट्रान्सफॉर्मरला खेटून कपॅसिटर. आतली जागा बाहेरच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी सहज गरम. कपाटात ४६ धरा, कपॅसिटर ७५ ला. वर्षभर मे नसतो म्हणून दोन उन्हाळे निघाले, तिसऱ्यात दम संपत आला. वाळलेला कपॅसिटर म्हणजे वोल्टेज एकसारखं राहत नाही, खालीवर होतं. दुपारी जोराचा झटका आला की क्षणभर ९-१० वर येतं आणि बोर्ड रीसेट होतो. मल्टिमीटर हे दाखवणार नाही, तो सरासरी दाखवतो आणि १२.१ म्हणून मोकळा होतो. ऑसिलोस्कोप नसेल तर खात्रीचा उपाय एकच, दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणे.

दादांना एवढं सांगा:
१२ व्होल्ट ५ अँपिअरचा, नावाजलेल्या कंपनीचा अडॅप्टर घ्या. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट नाही. तो कपाटाबाहेर, भिंतीवर, उभा लटकवा. डबाही कपाटातून काढा. पट्ट्या उभ्या राहतील असा भिंतीवर लावता आला तर उत्तम, हवा सरळ वर निघते. आडवा ठेवायचा तर वर काही रचू नका. बास.

जुना अडॅप्टर कोणी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो.

लॉगवाचक:

काकांच्या यादीत माझी एक भर. एनव्हीएमईकडे बघा. अशा डब्यांत ती बोर्डाच्या खालच्या बाजूला, तळाच्या पत्र्यापासून काही मिलिमीटरवर असते, आणि तिच्याकडे वाऱ्याची एक झुळूकही जात नाही. तिला पत्र्याशी जोडणारा पॅड नसेल तर ती सीपीयूच्या आधी तापते. स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवली की तापमान दिसतं. ७० च्या वर सतत असेल तर एक जाड पॅड लावून तळाला टेकवा. फायरवॉलला साटाची एसएसडीसुद्धा पुरते, ती थंड राहते.

आणि लॉग. ओपीएनसेन्समध्ये लॉग आणि तात्पुरत्या फायली रॅममध्ये ठेवायची सोय आहे, ती चालू करा. ओपनडब्ल्यूआरटी ही दुसरी राउटर प्रणाली, ती मुळातच लॉग रॅममध्ये ठेवते. ईएमएमसीवाल्या (एसएसडीऐवजी साठवणीची चिप असलेल्या) यंत्रांत तर हे केलंच पाहिजे, दिवसरात्र बारीक बारीक लिखाण करून ती झिजतात, आणि ईएमएमसी बोर्डावर सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही. रॅममध्ये ठेवलेला लॉग रीस्टार्टनंतर जातो हे खरं, म्हणून ऑफिसातल्या एखाद्या दुसऱ्या यंत्रावर सिसलॉगने (लॉग नेटवर्कवरून पाठवायची सोय) लॉग पाठवत जा. वर रॅकवाल्यांनी जी "शेवटची ओळ" विचारली ती नंतर तिथेच सापडेल.

पॅकेटपाटील:

लॉगवाचक, तुमच्यामुळे आठवलं. जास्त वेळ लाइट गेली आणि इन्व्हर्टरही संपला, की परत आल्यावर व्हीपीएन कधीकधी जोडला जात नाही. घरून वायरगार्डने (व्हीपीएनचा एक प्रकार) येतो मी. इंटरनेट चालू असतं, व्हीपीएन नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप जमतं. याचा उष्णतेशी काही संबंध?

लॉगवाचक:

आहे, पण वळसा घेऊन. बोर्डावरचा बटणसेल, सीआर२०३२, गरम डब्यात लवकर संपतो. तो संपला की बूटच्या वेळी घड्याळ मागच्या कुठल्या तरी तारखेला असतं. जोडणी तुमच्या डब्याकडून सुरू होत असेल तर हे नडतं: वायरगार्डच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो, आणि समोरचं टोक शेवटचा पाहिलेला शिक्का लक्षात ठेवतं. त्याच्याहून जुना आला की पुन्हा पाठवलेला समजून फेकून देतं. एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ घेणारी सेवा) वेळ लागली की मग जमतं. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत) डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरांवरच्या सह्यांची तपासणी, चालू असेल तर आणखी गंमत: वेळ चुकीची म्हणून सह्या चुकीच्या, सह्या चुकीच्या म्हणून एनटीपी सर्व्हरचं नावच सापडत नाही, नाव सापडत नाही म्हणून वेळ लागत नाही. एनटीपीच्या यादीत एखादा सर्व्हर थेट आयपी पत्त्याने टाका, आणि सेल बदला.

देवगडची_ताई:

हे भारी आहे. आमच्याकडे पण लाइट गेल्यावर असाच काही तरी खोळंबा होतो, मी इंटरनेटवाल्याला नावं ठेवत होते.

झुरिखकर:

उष्णतेवरून आठवलं. रॅकवाला, तांब्याच्या १० गिगाबिट मॉड्यूलबद्दल तुम्ही लिहाल असं वाटलं होतं.

रॅकवाला:

एका ओळीत लिहितो. बिनपंख्याच्या स्विचमध्ये तांब्याच्या केबलसाठीचं १० गिगाबिटचं एसएफपी+ मॉड्यूल (स्विचच्या खाचेत बसणारा जोड) लावू नका. एकेक अडीच-तीन वॅट घेतं, स्पर्श करवत नाही, आणि दोन शेजारी लावली तर एकमेकांना भाजतात. त्याच रॅकमध्ये जायचं असेल तर डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली तांब्याची छोटी केबल), लांब जायचं असेल तर फायबर. लावावंच लागलं तर मधला पोर्ट रिकामा सोडा.

कंजूष_मराठे:

काका, पेस्ट आणि पॅडबद्दल राहिलं. मी माझा डबा उघडला. (पंखा काढून बघायचा होता, तुमच्यामुळे.) चिप आणि झाकण यांच्यामध्ये निळा पॅड होता, एक मिमीचा. त्यावर चिपचा ठसा फक्त अर्ध्यावर उमटलेला, उरलेला अर्धा भाग अगदी गुळगुळीत, कधी टेकलाच नसल्यासारखा. एका बाजूचा स्क्रू सैल होता.

ओहमकाका:

मराठे, मग तुमच्या पंख्याने जे १५-२० अंश खाली आणले, त्यातले काही तुम्हाला एका स्क्रूत मिळाले असते!

पॅडचा हिशेब बघा. साधा पॅड, उष्णतेची वाहकता १.५ (वॅट प्रति मीटर-अंश), जाडी १ मिमी, चिपचं क्षेत्र २ चौ.सेंमी. ६ वॅट त्यातून न्यायचे तर पॅडच्या दोन बाजूंत २० अंशांचा फरक पडतो. क्षेत्र अर्धं झालं की ४०. तोच पॅड ५ वाहकतेचा घेतला तर पूर्ण टेकल्यावर फक्त ६ अंश. डब्याच्या पट्ट्यांवर लोक भांडतात, काळा रंग की चंदेरी यावर भांडतात, आणि अर्धी उष्णता या एक मिलिमीटरमध्ये अडकलेली असते. फट कमी असेल तर पातळ पॅड, जमलंच तर तांब्याचा पातळ तुकडा आणि दोन्हीकडे पेस्ट. चारही स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण आवळलात की दुसरी बाजू उचलली जाते, तुमच्या ठशाचं कारण तेच दिसतंय.

अवांतर: रंगाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. डोळ्यांना काळा दिसतो म्हणून उष्णता जास्त सोडतो असं नाही. ॲनोडाइझ केलेला थर असतो तो उष्णता किरणांनी चांगली बाहेर टाकतो, चंदेरी ॲनोडाइझ असला तरी. पॉलिश केलेलं उघडं ॲल्युमिनियम मात्र यात अगदीच कमी पडतं. म्हणून चकचकीत डबा घेऊ नका, आणि कंपनीच्या लोगोचं मोठं स्टिकर पाठीवर लावू नका.

कंजूष_मराठे:

स्क्रू आवळला, पॅड बदलला. पंख्याशिवाय पूर्वी ७९ असायचा, आता ६४. पंखा कपाटात ठेवला आहे, फेकलेला नाही.

पॅकेटपाटील:

अपडेट. दादाने १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर आणला, आणि डबा कपाटातून काढून फायलींच्या रॅकच्या बाजूला भिंतीवर उभा लावला, सुताराकडून दोन पट्ट्या ठोकून. बायोसमध्ये पीएल१ होता २० वॅट, फोनवर एकेक बटण सांगत तो १० वर आणला. सीपीयू आता दुपारी ७१. बाहेर ४४ असतानाही. त्यानंतर दुपारचा रीस्टार्ट झालेला नाही. मे संपेपर्यंत खात्रीने बोलणार नाही.

जुना अडॅप्टर दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने सगळ्या काळज्या घेऊन उघडला आणि फोटो पाठवला: बाहेर पडणाऱ्या वायरीजवळचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डिंकासारखं वाळलेलं. काका, तुम्ही फोटो न बघता सांगितलं होतं.

दादाचा शेवटचा प्रश्न मात्र तुमच्यासाठी ठेवलाय. दुकानदाराने प्लगच्या दोन मापांचे अडॅप्टर दाखवले, ५.५ बाय २.१ मिमी आणि ५.५ बाय २.५ मिमी. दोन्ही बाहेरून सारखेच. त्याने अंदाजाने २.५ घेतला, बसला. थोडा सैल वाटतो. चालेल?

चंद्रपुरी_कोळसा:

सैल वाटते म्हंजे सैल आहे भाऊ.

ओहमकाका:

चालणार नाही, लगेच बदला. यंत्राच्या जॅकमधला मधला पिन २.१ चा असेल आणि प्लगचं भोक २.५ चं, तर तो बसतो पण पिनला नीट धरत नाही. स्पर्श अर्धवट, तिथे रोध वाढतो, जॅक तापतो, हालला की ठिणगी. उलट केलं असतं तर बसलाच नसता, म्हणजे चूक कळली असती. झुरिखकरांच्या एपीयूला २.५ लागतो, आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांना २.१ किंवा २.५ काहीही असू शकतं, म्हणून जुन्या अडॅप्टरचा प्लग दुकानात घेऊन जायचा आणि भोकात भोक जुळवून घ्यायचं. जुना दुरुस्तीवाल्याकडे असेल तर त्याची वायर कापायला सांगू नका अजून.

आणि मधला पिन प्लस आहे का, हे अडॅप्टरवरच्या गोलाच्या चित्रावरून तपासा. बहुतेक असतोच, पण बघून घ्या.

पॅकेटपाटील:

दादा निघालाय दुकानात. प्लग खिशात आहे.